विधानसभेच्या मतदानाला पहिल्यांदा पोलिंग एजंट म्हणून बसताना

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झालं, तेव्हा राज्यात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती. संध्याकाळी ५ वाजेपर्यंतचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं गेलं आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. या वाढीवरून बरंच वादंग झालं. विरोधी पक्षांनी प्रश्न विचारले. आयोगाने सांगितलं की ५ वाजताचा आकडा तात्पुरता असतो, आणि प्रत्येक केंद्रावरची खरी मोजणी १७ सी फॉर्मवर असते, ज्याची प्रत पोलिंग एजंटांकडे, म्हणजे केंद्रात बसणाऱ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींकडे, दिलेली असते. तुमचा विश्वास असो की संशय, आपल्या बूथवर नेमकी किती मतं पडली हे ठामपणे सांगण्यासाठी उमेदवाराकडे तो एकच कागद असतो. तो बिनचूक आणि सहीशिक्क्यासह हातात पडावा, यासाठी एजंट पहाटेपासून बसलेला असतो. बाकीचं सगळं काम याच्याभोवतीचं आहे.

नेमणूक

एजंटची नेमणूक फॉर्म १० वर होते. त्यावर सही फक्त उमेदवाराची किंवा त्याच्या अधिकृत निवडणूक प्रतिनिधीची चालते. तालुकाध्यक्ष, नगरसेवक किंवा वॉर्डप्रमुख यांची सही चालत नाही, रबरी शिक्क्याची सहीही चालत नाही. केंद्राध्यक्षांकडे उमेदवाराच्या आणि निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचा नमुना आधीच पोचलेला असतो आणि ते तुमचा फॉर्म त्याच्याशी ताडून बघतात. सकाळी सहाच्या आधी दारातून परत जावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. फॉर्म आदल्या संध्याकाळीच हातात घ्या आणि त्यावरचं केंद्र क्रमांक, केंद्राचं नाव आणि तुमचं नाव वाचून घ्या. एकाच शाळेत चार-पाच केंद्रं असली की क्रमांकांची अदलाबदल सर्रास होते.

एका केंद्रासाठी एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, पण खोलीत एका वेळी एका उमेदवाराचा एकच माणूस बसतो. एजंट शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला मतदार असावा. तसा कोणी मिळाला नाही तर शेजारच्या केंद्राचा, आणि तोही नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला मतदार चालतो. मात्र गावातली, गल्लीतली माणसं चेहऱ्याने ओळखणारा एजंट आणि बाहेरून आणून बसवलेला एजंट यांच्या उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सरकारी नोकर एजंट होऊ शकत नाही. तो दंडनीय गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी घरचेच आहेत म्हणून त्यांचं नाव सुचवणारे कार्यकर्ते भेटतात. त्यांना वेळीच थांबवा. मंत्री, खासदार, आमदार आणि सुरक्षाकवच असलेली व्यक्ती यांनाही बसता येत नाही.

सोबत न्यायच्या वस्तू अशा: फॉर्म १०, स्वतःचं मतदार ओळखपत्र, त्या केंद्राची छापील मतदार यादी, दोन पेनं, कोरी वही, साधं मनगटी घड्याळ, दोन रुपयांची काही नाणी, पाणी आणि डबा. घड्याळ यासाठी की खोलीत मोबाइल चालत नाही, आणि दिवसभर वेळ तर लिहावी लागते. मोबाइल घरी किंवा बाहेरच्या कार्यकर्त्याकडे ठेवा. उमेदवाराचं चिन्ह, पक्षाचं उपरणं, टोपी किंवा फोटो अंगावर नको. केंद्रापासून १०० मीटरच्या आत कोणताही प्रचार हा गुन्हा आहे, आणि उपरणं हा प्रचारच धरला जातो.

साडेपाच वाजता: मॉक पोल

मतदान ७ वाजता सुरू होत असेल तर मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचं सराव मतदान, त्याच्या ९० मिनिटं आधी, साडेपाचला सुरू होतो. तुम्ही सव्वापाचला दारात हवे. किमान दोन उमेदवारांचे एजंट आलेले नसतील तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात आणि मग सुरुवात करतात. त्यानंतर पोचलेल्या एजंटला तक्रार करायला जागा राहत नाही. पोचल्यावर फॉर्म १० दाखवून त्यावरच्या प्रतिज्ञेवर केंद्राध्यक्षांसमोर सही करायची.

नवशिके एजंट दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतात आणि मॉक पोलला मात्र जांभया देतात. खरं महत्त्व या दीड तासाला जास्त आहे, कारण यंत्र आतून-बाहेरून पाहायची संधी पुन्हा मिळत नाही.

आधी तीन क्रमांक वहीत उतरवा: कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचं, मतं साठवणारं यंत्र), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं). या केंद्राला कोणती यंत्रं नेमून दिली आहेत त्याची यादी उमेदवाराला आधी मिळालेली असते, तिच्याशी ते जुळतात का बघा. एका बॅलट युनिटवर १६ बटणं असतात. नोटा धरून नावं १६ च्या वर गेली की दुसरं युनिट जोडलेलं असतं, मग दोन्हींचे क्रमांक घ्या. मतपत्रिकेवरचा नावांचा आणि चिन्हांचा क्रम छापील यादीप्रमाणे आहे ना, ते तपासा. मतदान कक्ष खिडकीलगत नको, कारण तिथे गुप्तता राहत नाही. व्हीव्हीपॅटवर थेट ऊन किंवा दिव्याचा झोत पडत असेल तर त्याचा सेन्सर बिघडून यंत्र मध्येच अडू शकतं. जागा बदलायची असेल तर ती आत्ताच सुचवा. वायर काढण्या-जोडण्याआधी कंट्रोल युनिट बंद केलेलंच हवं.

यंत्र चालू केल्यावर व्हीव्हीपॅट आपली तपासणी म्हणून ७ चिठ्ठ्या छापतं. त्यांवर उमेदवाराचं नाव नसतं. पहिल्यांदा बसलेला एजंट या चिठ्ठ्या पाहून दचकतो. ती मतं नाहीत, मोजणीत धरायची नाहीत.

यानंतर केंद्राध्यक्ष ‘क्लिअर’ करून प्रत्येक उमेदवारासमोर शून्य दाखवतात आणि व्हीव्हीपॅटचा डबा रिकामा असल्याचं दाखवतात. मग एजंट मतं टाकतात. किमान ५० मतं, आणि नोटासह प्रत्येक बटणावर किमान एक. १२ उमेदवार आणि नोटा असतील तर प्रत्येकी ४ प्रमाणे ५२ मतं टाकली की हिशेब सोपा राहतो. कोणी कुठलं बटण दाबलं याची नोंद कागदावर दाबतानाच करा. तोंडी लक्षात ठेवायला गेलात तर शेवटी एका मताचा फरक येतो, यंत्रात दोष आहे की आठवणीत हे कळत नाही, आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

५० मतं झाली की ‘क्लोज’, मग ‘रिझल्ट’, मग ‘क्लिअर’. याच क्रमाने. रिझल्टचा आकडा, तुमची कागदी नोंद आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्यांची मोजणी या तिन्ही गोष्टी प्रत्येक उमेदवारापुरत्या जुळल्या पाहिजेत. ‘क्लिअर’ दाबल्यावर सगळीकडे पुन्हा शून्य आल्याचं स्वतः वाचा. घाईत हे ‘क्लिअर’ राहून जातं आणि मॉक पोलची ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. अशा केंद्राचं कंट्रोल युनिट मतमोजणीच्या दिवशी बाजूला ठेवावं लागतं. विजयाची आघाडी त्या केंद्रांवरच्या मतांपेक्षा कमी असेल तर चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. एका बटणाच्या विसराने अख्ख्या मतदारसंघाचा निकाल अडून बसू शकतो.

चिठ्ठ्या डब्यातून काढून प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारतात आणि काळ्या कागदी पाकिटात भरतात. पाकिटावर केंद्राध्यक्षांची आणि एजंटांची सही होते, मग ते प्लास्टिकच्या डबीत जातं आणि त्यावर गुलाबी कागदी सील लागतं. डबा रिकामा झाल्याचं आत डोकावून बघा, तळाशी एखादी चिठ्ठी चिकटून राहते. पुढे कंट्रोल युनिट बंद करून सील करतात: रिझल्टच्या भागाला हिरवं कागदी सील, स्पेशल टॅग आणि बाहेरून पट्टीसारखं स्ट्रिप सील. हिरव्या सीलच्या पांढऱ्या बाजूवर तुमची सही घेतली जाते. सीलचे अनुक्रमांक तिथेच वहीत उतरवा. संध्याकाळी आणि मोजणीच्या टेबलावर याच क्रमांकांवरून हे आपलंच यंत्र आहे की नाही ते ठरतं. व्हीव्हीपॅटचा डबाही दोरा आणि टॅग लावून लाखेने बंद होतो. शेवटी मॉक पोल प्रमाणपत्रावर सही. वाचून करा.

दिवसभराचं बसणं

एजंटांच्या बसण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी राष्ट्रीय पक्षांचे, मग राज्य पक्षांचे, मग इतर राज्यांतल्या मान्यताप्राप्त पक्षांचे, नंतर नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे आणि शेवटी अपक्षांचे. जागा अशी हवी की मतदाराचा चेहरा दिसेल आणि पहिल्या अधिकाऱ्याचा आवाज ऐकू येईल. मतदान कक्षात काय चाललंय ते मात्र दिसता कामा नये.

पहिला मतदान अधिकारी यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, ओळख पटवतो आणि चिन्हांकित प्रतीत त्या नावाखाली रेघ मारतो. दुसरा अधिकारी १७ ए नोंदवहीत नोंद करून सही किंवा अंगठा घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन ‘बॅलट’ दाबतो. मतदाराने बटण दाबल्यावर नाव, क्रमांक आणि चिन्ह असलेली चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या काचेत ७ सेकंद दिसते, कापली जाऊन डब्यात पडते आणि लांब बीप वाजतो. तुमच्या कानाला बीपची सवय लागू द्या. माणूस बाहेर आला आणि बीप ऐकू आला नसेल तर मत नोंदलं गेलेलं नाही.

पहिला अधिकारी नाव पुटपुटत असेल तर ‘सर, जरा मोठ्याने सांगता का?’ असं केंद्राध्यक्षांना उद्देशून म्हणा. हा नियम कायमचा पाळा: जे बोलायचं ते केंद्राध्यक्षांशी. मतदाराशी थेट बोलणं, त्याचं ओळखपत्र हातात घेणं, खूण करणं हे सगळं निषिद्ध आहे. केंद्रावरचे अधिकारीही दोन दिवसांपासून साहित्य घेऊन धावपळ करत आलेले असतात. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळतं.

आपल्या यादीत तुम्हीही खुणा करत राहा. पण ती यादी मतदान चालू असताना बाहेर नेता येत नाही, आणि कोण येऊन गेलं याच्या चिठ्ठ्या दारातून बाहेरच्या कार्यकर्त्याला देता येत नाहीत. बाहेर जाताना यादी केंद्राध्यक्षांकडे ठेवायची आणि ये-जा नोंदवहीत वेळ टाकून सही करायची. बदली एजंट आला की त्याला यादी आणि वही दोन्हींतली शेवटची नोंद दाखवूनच उठा.

दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष झालेल्या मतदानाचा आकडा घेतात. त्या वेळी वहीत तीन रकाने भरा: वेळ, १७ ए मधला शेवटचा अनुक्रमांक आणि कंट्रोल युनिटवरचं ‘टोटल’. दोन आकड्यांत एकाचा फरक दिसला तर आधी बघा, कक्षात कोणी आहे का. नसेल तर कोणीतरी नोंद करून मत न देता गेलं असणार. तशी नोंद १७ ए च्या शेऱ्यात हवी, ती झाली का ते तेव्हाच विचारा. सकाळी ११ ला सापडलेला फरक पाच मिनिटांत मिटतो. तोच संध्याकाळी सापडला तर शेकडो नोंदी उलटून बघाव्या लागतात.

ओळखीबाबत सर्वांत जास्त वाद होतो तो मतदार माहिती चिठ्ठीवरून. ती घरपोच येते, पण तिच्यावर मत देता येत नाही. मतदार ओळखपत्र हवं, नाहीतर आयोगाने ठरवलेल्या पर्यायी कागदपत्रांपैकी एक. २०२४ ला अशी १२ होती: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगा जॉबकार्ड, बँक किंवा पोस्टाचं फोटोचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड वगैरे. तुमच्या पक्षाचा मतदार असला तरी नियम तोच.

वेगळी प्रकरणं

तोतयाचा संशय आला तर आक्षेप घ्या. प्रत्येक आक्षेपासाठी दोन रुपये रोख आधी भरावे लागतात, ती नाणी इथे लागतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे छोटी चौकशी करतात. ‘ह्याला मी ओळखत नाही’ एवढं पुरत नाही. यादीतला खरा माणूस तुम्हाला माहीत आहे आणि हा तो नाही, हे ठामपणे सांगता यायला हवं. आक्षेप सिद्ध झाला नाही तर त्या माणसाला मत देऊ देतात, सिद्ध झाला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात देतात. उगाच घेतलेला आक्षेप असेल तर पैसे जप्त होतात. आक्षेप ओळखीपुरताच असतो. यादीत नाव असलेल्याच्या पात्रतेवर, उदाहरणार्थ तो गावात राहत नाही यावर, तो घेता येत नाही. त्यासाठी यादी दुरुस्तीचा काळ असतो.

कोणी आला आणि त्याच्या नावाने आधीच मतदान झालेलं निघालं, तर त्याला परत पाठवता येत नाही. ओळख पटली की त्याला कागदी मतपत्रिका मिळते. हे प्रदत्त मत. १७ बी वर त्याची सही घेतात, तो बाणाच्या फुलीच्या शिक्क्याने मत देतो आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. यंत्रावर त्याला मत देऊ दिलं तर तो घोटाळा आहे, लगेच हरकत घ्या. प्रदत्त मतं नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत, पण निवडणूक कोर्टात गेली तर त्यांना किंमत येते. म्हणून अनुक्रमांक टिपून ठेवा.

‘मी एकाला दिलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली’ अशी तक्रार आली की खोलीत गोंधळ उडतो. नियम ४९ एमए त्यासाठीच आहे. केंद्राध्यक्ष आधी बजावतात की खोटी तक्रार दंडनीय आहे, मग लेखी घोषणापत्र घेतात. १७ ए मध्ये त्याच मतदाराची दुसरी नोंद होते, आणि तो केंद्राध्यक्ष व एजंट यांच्यासमोर चाचणी मत टाकतो. तक्रार खरी निघाली तर मतदान तिथेच थांबतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवतात. खोटी निघाली तर ते चाचणी मत कोणाला पडलं ते १७ ए आणि १७ सी मध्ये लिहितात, कारण मोजणीत ते वजा करायचं असतं. तुमच्या वहीतही लिहा.

अंध किंवा अपंगत्वामुळे स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदारासोबत १८ वर्षांवरचा सोबती जाऊ शकतो, पण एक सोबती दिवसभरात एकाच मतदाराबरोबर. एकच तरुण चौथ्या आजीचा हात धरून आत शिरताना दिसला तर केंद्राध्यक्षांच्या लक्षात आणून द्या. यादीत ‘पीबी’ अशी खूण असलेल्यांना टपाली मतपत्रिका दिलेली असते. २०२४ ला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. त्यांना केंद्रावर पुन्हा मत देता येत नाही.

यंत्र बिघडलं तर काय बदललं ते नीट बघा. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात, नवा मॉक पोल होत नाही. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्हींचा अख्खा संच बदलतात आणि प्रत्येक उमेदवाराला एक मत असा छोटा मॉक पोल पुन्हा घेतात. नवे क्रमांक, नवी सीलं आणि बंद पडलेल्या यंत्रावरचं तोपर्यंतचं टोटल हे सगळं वहीत. मोजणीच्या दिवशी या बूथची दोन कंट्रोल युनिटं टेबलावर येणार आहेत, ते तुमच्या मतमोजणी प्रतिनिधीला ठाऊक हवं.

सहा वाजल्यानंतर

वेळ संपली की केंद्राध्यक्ष रांगेतल्या सगळ्यांना सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. वाटप रांगेच्या शेपटापासून सुरू होतं, शेवटच्या माणसाला १ नंबर, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. किती चिठ्ठ्या वाटल्या तो आकडा लिहा. सहानंतर किती मतदान झालं हे सांगणारी तुमच्या हातातली नोंद तीच. ज्यांना चिठ्ठी मिळाली त्या सगळ्यांचं मत होईपर्यंत केंद्र चालू राहतं, मग आठ वाजोत की नऊ.

शेवटचं मत झालं की एजंटांसमोर ‘क्लोज’ दाबतात. टोटल आणि वेळ लिहा. १७ ए मध्ये शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून केंद्राध्यक्ष सही करतात, एजंटांचीही घेतात.

आता १७ सी. त्याच्या पहिल्या भागात यंत्रांचे क्रमांक, केंद्राला नेमून दिलेले एकूण मतदार, १७ ए प्रमाणे मतदार, नोंद होऊनही मत न देणारे, गुप्तता मोडल्यामुळे मत न देऊ दिलेले, चाचणी मतं, यंत्रातली एकूण मतं, प्रदत्त मतपत्रिका आणि कागदी सीलांचा हिशेब असतो. १७ ए मध्ये ७४२ नोंदी असतील आणि एकाने मत नाकारलं असेल, तर यंत्रात ७४१ हवीत. जुळत नसेल तर तसं फॉर्ममध्ये लिहिलं गेलं पाहिजे. आकडा ओढूनताणून जुळवून घेऊ नका.

नियमाप्रमाणे केंद्राध्यक्षांनी हजर असलेल्या प्रत्येक एजंटला पहिल्या भागाची खरी प्रत द्यायचीच असते आणि त्याची पोच घ्यायची असते. मागावी लागो न लागो, तो तुमचा हक्क आहे. प्रत्यक्षात अनेक एजंट पाच वाजता ‘आता काय राहिलं’ म्हणून घरी जातात आणि प्रत हातात पडत नाही. उठू नका. प्रत घेताना यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक तुमच्या वहीशी पडताळा, एकूण मतं अक्षर लागेल अशी आहेत ना ते बघा, सही आणि तारीख बघा. मोबाइलवर फोटो काढून मूळ प्रत फेकून देणारे असतात. मूळ कागद जपा.

यंत्रं पेट्यांत घालून पत्त्याचे टॅग लावून सील होतात. त्यावर तुमचं स्वतःचं सील लावायची मुभा असते. यंत्रांच्या गाडीमागून स्ट्राँगरूमपर्यंत उमेदवाराचा माणूस जाऊ शकतो आणि तिथल्या कुलपावरही सील लावता येतं.

१७ सी ची प्रत त्याच रात्री उमेदवाराच्या कार्यालयात द्या, सोबत वहीतल्या क्रमांकांचं पान. मोजणीला टपाली मतं ८ वाजता सुरू होतात आणि यंत्रं त्यानंतर अर्ध्या तासाने. टेबलावर तुमच्या बूथचं कंट्रोल युनिट आलं की मतमोजणी प्रतिनिधी सीलचा क्रमांक आणि एकूण मतांचा आकडा या कागदाशी ताडतो. फरक असेल तर ते यंत्र पुढे सरकण्याआधी हरकत लेखी द्यायची. फेरमोजणीची मागणीही लेखीच लागते, आणि ती एकूण मतं जाहीर झाल्यावर पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अंतिम निकालपत्रकावर, म्हणजे फॉर्म २० वर सही करण्याआधी पोचली पाहिजे. मधला वेळ काही मिनिटांचा असतो, म्हणून अर्जाचा मसुदा आणि १७ सी च्या प्रती केंद्र क्रमांकाप्रमाणे लावून आधीच तयार ठेवतात.